वकील ते जिल्हाप्रमुख : जर्मनीत लांट्राट घडतो कसा?

आपल्याकडचा जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचा अध्यक्ष आणि तिथलाच मुख्य कार्यकारी अधिकारी, या तिघांच्या खुर्च्या एकत्र जोडून त्यावर एकच माणूस बसवला, की साधारण जर्मनीचा लांट्राट तयार होतो. फरक इतकाच, की बहुतेक राज्यांत त्याला तिथे लोकांनी थेट मतदान करून बसवलेलं असतं. जर्मनीत असे २९४ जिल्हे आहेत. शिवाय १०६ शहरं अशी आहेत, की ती कुठल्याच जिल्ह्यात मोडत नाहीत. बर्लिन, हाम्बुर्ग, ब्रेमेन या शहर-राज्यांत जिल्हेच नाहीत.

तुलना फार ताणू नये. जमिनीच्या मालकीचं दप्तर तिकडे न्यायालयाकडे असतं, आयकर वेगळ्या कार्यालयाकडे, आणि पोलीसही बहुतेक राज्यांत लांट्राटच्या हाताखाली नसतात. पण बांधकाम परवाना, गाडीची नोंदणी, ड्रायव्हिंग लायसन्स, आरोग्य खातं, बालसंरक्षण, गरिबांचं अर्थसाहाय्य, कचरा, जिल्हा रस्ते, आपत्ती व्यवस्थापन आणि परदेशी नागरिकांचा राहण्याचा परवाना हे सगळं त्याच्याच इमारतीत चालतं. श्टुटगार्ट किंवा म्युनिकच्या आसपासच्या लहान गावात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला ही इमारत पहिल्या वर्षीच माहीत होते. भारतीय लायसन्स तिकडे मुक्काम केल्यापासून सहा महिने चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, आणि तो अर्ज इथेच करायचा असतो.

या खुर्चीवर बसलेल्यांची यादी काढली तर कायदा शिकलेले लोक डोळ्यांत भरतात. आज बहुतेक राज्यांत कायद्याची पदवी ही अट नाही. शेतकरी, शिक्षक, बँकेतला माणूस, कुणीही उभा राहू शकतो. तरीही वकील इतके का, याचं उत्तर थोडं इतिहासात आहे आणि बरंचसं रोजच्या फायलींत.

प्रशियाची शिडी

एकोणिसाव्या शतकातल्या प्रशियात, म्हणजे तेव्हाच्या मोठ्या जर्मन राज्यात, लांट्राट नेमायचा राजा. १८७२ च्या जिल्हा कायद्याने जिल्हा सभेला नावं सुचवण्याची मुभा दिली, पण नेमणूक राजाचीच राहिली. वरिष्ठ प्रशासकीय सेवेसाठी १८७९ मध्ये वेगळा कायदा झाला आणि वाट पक्की ठरली. आधी विद्यापीठात कायदा, मग पहिली सरकारी परीक्षा, मग काही वर्षं न्यायालयात आणि प्रशासनात उमेदवारी, मग दुसरी परीक्षा. न्यायाधीश आणि जिल्ह्याचा कारभारी एकाच साच्यातून निघू लागले.

या शिडीवर चढून अगदी वर गेलेला माणूस म्हणजे टेओबाल्ड फॉन बेटमान होल्वेग. जन्म १८५६ चा, बर्लिनच्या ईशान्येला होहेनफिनो इथल्या घरच्या जहागिरीवर. स्ट्रासबुर्ग, लाइपझिश आणि बर्लिनला कायदा शिकला. १८८६ मध्ये, वयाची तिशी गाठायच्या आत, ओबरबार्निम जिल्ह्याचा लांट्राट झाला. त्याचे वडीलही याच जिल्ह्याचे लांट्राट होते, त्यामुळे गुणवत्ता आणि घराणं यांत कशाचं पारडं जड होतं हे वेगळं सांगायला नको. दहा वर्षं त्याने तिथे काढली. १८९९ मध्ये ब्रांडेनबुर्ग प्रांताचा प्रमुख, १९०५ मध्ये प्रशियाचा गृहमंत्री, आणि १९०९ मध्ये थेट जर्मन साम्राज्याचा चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्या पदावर हाच होता. १९१७ च्या जुलैत त्याला पायउतार व्हावं लागलं.

याच शिडीवरून अर्ध्यातून उतरलेलाही एक प्रसिद्ध आहे. पुढे साम्राज्याचा पहिला चॅन्सेलर झालेला ओटो फॉन बिस्मार्क कायदा शिकला, १८३६ मध्ये आखेनला प्रशासनात उमेदवारी करू लागला, एका इंग्रज तरुणीच्या मागे रजा संपून गेली तरी भटकत राहिला आणि काही वर्षांत नोकरीला रामराम ठोकून शेतीवर परतला. लांट्राट झाला तो त्याचा भाऊ बेर्नहार्ड.

पद मानाचं, पण खुर्ची पक्की नव्हती. लांट्राट ‘राजकीय अधिकारी’ गणला जाई, म्हणजे सरकारला वाटलं की कारण न देता त्याला तात्पुरत्या निवृत्तीवर पाठवता येई. १८९९ मध्ये ऱ्हाइन आणि एल्ब नद्यांना जोडणाऱ्या कालव्याचं विधेयक प्रशियाच्या विधानसभेत आलं. कैसरला हा कालवा हवा होता, पूर्वेकडच्या जमीनदारांना नको होता, कारण स्वस्त धान्य आत येईल ही भीती. त्या काळी लांट्राटला आमदारही होता येत असे. विधेयक पडलं, आणि विरोधात मत दिलेल्या २ विभागीय प्रमुखांना व १८ लांट्राटांना घरी बसवण्यात आलं. ‘कालव्याचे बंडखोर’ म्हणून ते ओळखले गेले. पुढे त्यांतले बरेच जण चांगल्या पदांवर परतले, हेही त्या काळाला धरूनच झालं.

दुसऱ्या महायुद्धानंतर जो भाग ब्रिटिशांच्या ताब्यात होता तिथे, म्हणजे आजच्या नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालन आणि नीडरझाक्सनमध्ये, त्यांनी पदाचे दोन तुकडे केले. लांट्राट हा सभेचा मानद अध्यक्ष, आणि कारभार पाहायला वेगळा पगारी संचालक. एका म्यानात दोन तलवारी व्हायच्या त्या झाल्याच. जबाबदारी कुणाची, हा घोळ पन्नासेक वर्षं चालला आणि १९९० च्या दशकात दोन्ही राज्यांनी कायदा बदलून पुन्हा एकच माणूस ठेवायचं ठरवलं.

आजचं शिक्षण : दोन परीक्षा, मध्ये दोन वर्षं

कायद्याचा अभ्यासक्रम दहा सत्रांचा धरलेला आहे. त्याच्या शेवटी होणारी पहिली परीक्षा दोन भागांची असते. ७० टक्के वजन राज्याने घेतलेल्या परीक्षेला, ३० टक्के विद्यापीठातल्या विशेष विषयाला. लेखी पेपर पाच-पाच तासांचे. प्रश्न म्हणजे एखादी गुंतागुंतीची घटना असते आणि तिचा निकाल कायद्याच्या पायऱ्यांनी लिहून दाखवायचा असतो. पाठांतर फारसं कामाला येत नाही, हातात कायद्याचं पुस्तक दिलेलंच असतं. विद्यापीठात शिकूनही बहुतेक विद्यार्थी परीक्षेआधी वर्षभर खासगी क्लास लावतात.

गुण शून्य ते अठरा. चारला पास. नऊ मिळाले की ‘चांगला’ समजतात, आणि बहुसंख्यांना नऊ मिळत नाहीत. नापास झाल्यास एकदाच पुन्हा बसता येतं (वेळेआधी बसणाऱ्यांना अनेक राज्यांत एक जादा संधी मिळते). ती गेली की पाच-सहा वर्षांच्या अभ्यासाचं पदवीच्या नावाने फारसं काही हाती उरत नाही. हा जुगार जर्मनीतही बऱ्याच जणांना खटकतो.

मग दोन वर्षांची पगारी उमेदवारी. दिवाणी न्यायालय, सरकारी वकील किंवा फौजदारी न्यायालय, एखादं प्रशासकीय कार्यालय आणि वकिलाची कचेरी या चार ठिकाणी काम करणं सक्तीचं. वकिलाकडे नऊ महिने, बाकी प्रत्येक ठिकाणी निदान तीन महिने, शेवटचा टप्पा आपल्या आवडीचा. प्रशासनाचा टप्पा अनेक जण जिल्हा कार्यालयात काढतात, काही जण ष्पायरच्या प्रशासकीय विद्यापीठात एक सत्र करतात. पुढे लांट्राट होणाऱ्या अनेकांनी ती इमारत आतून पहिल्यांदा पाहिलेली असते ती इथे. शेवटी दुसरी परीक्षा. ती पास झाली की माणूस कायद्याने न्यायाधीश होण्यास पात्र ठरतो, आणि हीच पात्रता वकिलीला, सरकारी वकिलीला आणि वरिष्ठ प्रशासनाला चालते.

तिथून खुर्चीपर्यंत

एक वाट आतली. ‘ए-१३’ या वेतनश्रेणीवर राज्याच्या सेवेत शिरायचं. बायर्नमध्ये (म्हणजे बव्हेरियात) राज्य सरकार स्वतःचे कायदा शिकलेले अधिकारी प्रत्येक जिल्हा कार्यालयात पाठवतं, कारण तिथे हे कार्यालय अर्धं राज्याचं आणि अर्धं जिल्ह्याचं असतं. लांट्राट लोकांनी निवडलेला सुतार असला तरी त्याच्या शेजारच्या खोलीत कायदा जाणणारा माणूस असतोच. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये लांट्राटचा उपप्रमुख हा राज्याचा अधिकारी असतो. त्या पदावर काही वर्षं काढून, मध्ये मंत्रालयात एखादी फेरी मारून, पुढे शेजारच्या जिल्ह्यात लांट्राटपदासाठी अर्ज करणं ही तिथली ओळखीची चाल.

अर्ज हा शब्द मुद्दाम वापरला. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये थेट निवडणूक नाही. जागेची जाहिरात निघते, जिल्हा सभेची समिती आणि राज्याचं गृहमंत्रालय मिळून निदान तीन योग्य उमेदवार ठरवतात आणि सभा त्यांतून आठ वर्षांसाठी एकाला निवडते. इथे निव्वळ लोकप्रियतेपेक्षा फाइल हाताळलेली असणं उपयोगी पडतं.

दुसरी वाट बाहेरची. तालुक्याच्या गावी वकिली, संध्याकाळी पक्षाची बैठक, मग नगरसभेत किंवा जिल्हा सभेत सदस्य, मग पक्षाची उमेदवारी. बायर्नमध्ये कार्यकाळ सहा वर्षांचा, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालनमध्ये पाच. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसतील तर दोन आठवड्यांनी पहिल्या दोघांत पुन्हा लढत. ही दुसरी फेरी रद्द करायचा प्रयत्न नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालनने २०१९ मध्ये केला होता. राज्याच्या घटनात्मक न्यायालयाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो हाणून पाडला.

ब्रांडेनबुर्गमध्ये वेगळंच घोडं पेंड खातं. तिथे जिंकणाऱ्याला एकूण मतदारांपैकी निदान १५ टक्के लोकांची मतं पडावी लागतात. दुसऱ्या फेरीत मतदान २८ टक्के झालं आणि विजेत्याला त्यांतली ५२ टक्के मिळाली, तर एकूण मतदारांत ते साडेचौदा टक्के भरतात. म्हणजे लोकांनी निवडला, पण निवडला गेला नाही. मग निवड जिल्हा सभेकडे जाते. हे तिथे वारंवार घडलेलं आहे.

निवड झालेला वकील ठरावीक मुदतीचा सरकारी अधिकारी बनतो. त्या काळात त्याला वकिली करता येत नाही.

एका गोठ्याची फाइल

कायद्याचं शिक्षण रोज कुठे लागतं हे पाहायचं तर गावाबाहेर गोठा बांधू पाहणाऱ्या शेतकऱ्याचा अर्ज घ्या. जर्मनीत गावठाणाबाहेर बांधकामाला मुळात मनाई आहे, शेतीसाठी मात्र सूट. पण शेती म्हणजे काय? जनावरांचा बहुतांश चारा त्या शेताच्या स्वतःच्या जमिनीवर पिकू शकत असेल, तरच पशुपालन शेतीत धरतात. म्हणून पहिला प्रश्न, गायी किती आणि हेक्टर किती. कृषी खात्याचं मत मागवायचं. शेणखताच्या टाकीसाठी पाणी विभागाचं, ओढ्याकाठच्या झाडांसाठी निसर्ग विभागाचं, वासासाठी प्रदूषण विभागाचं.

मग गावाची संमती. गावाने दोन महिन्यांत उत्तर दिलं नाही तर संमती दिली असं कायदाच समजतो. गावाने बेकायदा कारणाने नाही म्हटलं, उदाहरणार्थ ‘आमच्या पर्यटकांना वास येईल’ एवढंच, तर जिल्हा कार्यालय ती संमती स्वतःच्या अधिकारात गृहीत धरू शकतं. इथे गावच्या महापौराचा फोन येतो. हा महापौर अनेकदा जिल्हा सभेचा सदस्यही असतो, म्हणजे लांट्राटच्या अंदाजपत्रकावर मत देणारा. आणि त्याच महापौराच्या गावाचा कारभार कायदेशीर आहे ना, हे तपासणारा अधिकारी पुन्हा लांट्राटच. अटी पूर्ण असतील तर परवाना द्यावाच लागतो, तिथे मर्जीला जागा नाही. हे शांतपणे फोनवर सांगता येणं, ही निम्मी नोकरी.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या निघणाऱ्या पत्रात. अशा पत्राचे चार भाग असतात: वर आदेश, खाली कारणं, मग शुल्क, आणि शेवटी दाद कुठे व किती दिवसांत मागायची याची सूचना. ती मुदत एक महिन्याची. पण हा शेवटचा परिच्छेद गळला किंवा चुकीचा छापला, तर मुदत एका महिन्याची एक वर्ष होते. घाईत जुन्या पत्रावरून नवं पत्र काढणाऱ्या कारकुनाच्या हातून हेच होतं. जिल्हा कार्यालयाचं पत्र आलेल्या मराठी माणसानेही आधी हाच परिच्छेद वाचावा आणि पत्र मिळाल्याची तारीख पाकिटावर टाकून ठेवावी.

जिथे अधिकाऱ्याला निवडीची मोकळीक आहे तिथे घोटाळा वेगळा. तळ्याकाठची बेकायदा झोपडी पाडायचा आदेश काढताना, पाडायचं की नाही याचा विचार केला होता हे कारणांत दिसायला हवं. ‘बेकायदा आहे म्हणून पाडा’ एवढंच लिहिलं तर न्यायालय आदेश रद्द करू शकतं, कारण मोकळीक वापरलीच नाही असा त्याचा अर्थ होतो. त्याच तळ्याकाठी आणखी दहा झोपड्या असतील आणि नोटीस एकालाच गेली असेल, तर समानतेचा मुद्दा उभा राहतो. आधी सगळ्यांची यादी, मग क्रम, मग नोटिसा, असा आराखडा फाइलमध्ये लागतो.

पैसा कुठून येतो

जिल्ह्याला मोठा कर लावायचा अधिकार नाही. तो आपल्या गावांकडून त्यांच्या करक्षमतेच्या ठरावीक टक्क्यांनी वर्गणी वसूल करतो. टक्का जिल्हा सभा ठरवते आणि दरवर्षी त्यावरून गावांचे महापौर व लांट्राट यांच्यात जुंपते. खर्चाचा मोठा वाटा बालकल्याण, अपंगांचं साहाय्य आणि सामाजिक मदतीचा. तो बहुतेक कायद्याने बांधलेला असतो, त्यामुळे काटायला फारसं हाती राहत नाही.

ही वर्गणी आता कोर्टाच्या पायरीवर वारंवार चढते. संघीय प्रशासकीय न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं, की जिल्ह्याने गावाला कायमचं कंगाल करेल इतकं घेऊ नये. २०१९ मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटलं, की टक्का ठरवण्याआधी गावांची आर्थिक गरज जिल्ह्याने स्वतः शोधून काढली पाहिजे आणि ती उघड मांडली पाहिजे. अंदाजपत्रकाच्या बैठकीला सदस्यांपुढे हे आकडे ठेवले नाहीत, तर टक्का वाजवी असूनही ठराव अडचणीत येऊ शकतो.

पत्राने थांबत नाही ते

फेब्रुवारी २०२० च्या शेवटी नेदरलँड्सच्या सीमेवरच्या हाइन्सबेर्ग जिल्ह्यात करोनाचा जर्मनीतला पहिला मोठा उद्रेक झाला. गांगेल्ट गावातल्या कार्निव्हलच्या कार्यक्रमातून तो पसरला होता. आरोग्य खातं जिल्ह्याचं, म्हणून शाळा बंद करणं, शेकडो लोकांना घरीच थांबायला सांगणं हे निर्णय आधी तिथेच झाले. बर्लिनहून आदेश यायला वेळ होता. लांट्राट होते श्टेफान पुश, २००४ पासून त्या पदावर असलेले, कायदा शिकलेले. विलगीकरणाचा आदेश कायद्यात बसवणं त्यांच्या कार्यालयाला जमण्यासारखं होतं, पण मास्क कायद्याने तयार होत नाहीत. मार्चमध्ये त्यांनी चीनच्या राष्ट्राध्यक्षांना खुलं पत्र लिहून संरक्षक साहित्य मागितलं. एका जिल्ह्याच्या प्रमुखाने परस्पर असं करावं का, यावर चर्चा झाली, आणि ती होणारच होती. जिल्ह्यातल्या लोकांशी ते रोज व्हिडिओवरून बोलत.

जुलै २०२१ मध्ये एकाच महिन्यात दोन वेगळ्या प्रकारांनी हेच पद कसोटीला लागलं. झाक्सन-आनहाल्टमधल्या आनहाल्ट-बिटरफेल्ड जिल्ह्याची संगणक यंत्रणा हल्लेखोरांनी कुलूपबंद केली. सामाजिक मदतीचे पैसे वाटता येईनात, गाड्यांची नोंदणी थांबली. ९ जुलैला तिथल्या लांट्राटने आपत्ती जाहीर केली. सायबर हल्ल्यामुळे आपत्ती जाहीर होण्याची ती जर्मनीतली पहिलीच वेळ. अशी घोषणा केली की खरेदीचे आणि बाहेरची मदत मागवण्याचे नियम सैल होतात, लष्कराचीही मदत घेता येते. ती परिस्थिती २०२२ च्या जानेवारीअखेरपर्यंत चालली.

१४ जुलैच्या रात्री आर नदीच्या खोऱ्यात महापूर आला आणि १३० हून अधिक लोक दगावले. राइनलांड-फाल्त्झच्या कायद्याप्रमाणे जिल्हा पातळीवर आपत्तीतली जबाबदारी लांट्राटची. आर्वाइलर जिल्ह्यात नदीकाठची घरं रिकामी करण्याचा आदेश निघाला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. तिथल्या लांट्राटवर आणि आपत्ती पथकाच्या प्रमुखावर चौकशी सुरू झाली. एप्रिल २०२४ मध्ये कोब्लेंझच्या सरकारी वकिलांनी ती बंद केली, कारण आधी इशारा दिला असता तर अमुक जीव नक्की वाचले असते हे फौजदारी पुराव्याच्या कसोटीवर सिद्ध करता येत नव्हतं. फौजदारी जबाबदारी सिद्ध न होणं आणि कारभार नीट झाला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपत्ती यंत्रणेतल्या त्रुटींवर त्याच चौकशीत बोट ठेवलं गेलं.

अशा रात्री उपयोगी पडतं ते आधी केलेलं काम. नियंत्रण कक्षात कोण बसेल याची नावानिशी यादी, नदीच्या कोणत्या पातळीला कोणता टप्पा लावायचा याचा तक्ता, सायरन वाजतो का याची चाचणी, आणि लांट्राट स्वतः कक्षात हजर असणं. आदेश देण्याचा अधिकार पथकप्रमुखाकडे सोपवता येतो. मात्र जबाबदारी वर राहते, म्हणून सोपवलं ते लेखी असावं आणि सरावात वापरून पाहिलेलं असावं.

मुदत संपल्यावर

निवडणूक हरलेल्या किंवा पुन्हा उभं न राहिलेल्या लांट्राटला सेवेची वर्षं पुरेशी असतील तर निवृत्तिवेतन मिळतं. वेतनश्रेणी ‘बी’ गटातली असते आणि राज्य व जिल्ह्याच्या लोकसंख्येप्रमाणे ठरते, त्यामुळे दोन कार्यकाळ काढलेल्याची फार ओढाताण होत नाही. काही जण राज्यातल्या मंत्रालयात जातात, काही जिल्हा महासंघात. वकील असलेल्याला आणखी एक दार उघडं असतं, त्याची जुनी कचेरी. दुसऱ्या परीक्षेची पात्रता संपत नाही. पण ज्या प्रकरणात त्याने अधिकारी म्हणून हात घातला होता, त्याच प्रकरणात वकील म्हणून उभं राहायला कायद्याची मनाई आहे. गोठ्याला परवाना दिला असेल, तर त्या गोठ्याविरुद्ध शेजाऱ्याचं वकीलपत्र त्याला घेता येत नाही, आणि शेतकऱ्याचंही नाही.